गाडी किती देते? पुण्याच्या रस्त्यावर अॅव्हरेज वाढवायचं तर

आमच्या घरात गाडी एक आणि चालवणारे दोघं. सहा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, रोजचा रस्ता कोथरूड ते खराडी. मी नेतो त्या महिन्यात ती लिटरला साडेतेरा द्यायची, बायको नेते त्या महिन्यात सोळाच्या आसपास. आधी वाटलं पंपाचा फरक असेल, मग वाटलं एसीचा. शेवटी एका सकाळी मी तिच्या शेजारी बसलो आणि तिच्या पायाकडे बघत राहिलो.

पौड फाट्याच्या अलीकडे पुढचा सिग्नल लाल झाला तेव्हा आम्ही चांगले दीड-दोनशे मीटर लांब होतो. तिने तिथेच अॅक्सिलरेटर सोडला. गाडी गिअरमध्येच मंदावत गेली. दोन रिक्षा आणि एक मोटार आम्हाला ओलांडून पुढे गेल्या आणि सिग्नलला करकचून थांबल्या. आम्ही तिथे पोचतोय तोवर सिग्नल सुटला. तिने दुसरा गिअर टाकला आणि आम्ही न थांबता निघालो. ओलांडून गेलेली मोटार तेव्हा पहिल्या गिअरमध्ये रेस होत होती. मी असतो तर त्या मोटारीच्या जागी असतो.

त्या दिवसापासून मी हा विषय मनावर घेतला. पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर गेलंय आणि ते वाचवायला गाडी बदलावी लागत नाही, गॅरेजही लागत नाही. खाली जे क्रमाने दिलंय त्याच क्रमाने करा. पहिली पायरी सोडून पुढे गेलात तर फरक पडला की नाही हेच कळणार नाही.

आधी मोजा

डॅशबोर्डवर जो आकडा दिसतो तो बहुतेक गाड्यांत थोडा उदार असतो. खरा हिशोब टाकी फुल ते टाकी फुल. पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथेच थांबायला सांगा. रक्कम पूर्ण आकड्यात बसवायला वरून आणखी घालू देऊ नका. ट्रिप मीटर शून्यावर आणा. निदान ३०० किलोमीटर झाले की त्याच पंपावर जाऊन तशीच पुन्हा टाकी भरा. समजा ३८४ किलोमीटर झाले आणि २८.४ लिटर पेट्रोल बसलं, तर गाडीने लिटरला साडेतेरा दिले. असं तीनदा करा आणि तिन्हींची सरासरी काढा. एका टाकीवर विश्वास ठेवू नका. मधे एक लोणावळा झालं तरी आकडा फुगतो. स्कूटरची टाकी पाचेक लिटरची, त्यामुळे तिथे चार-पाच वेळा भरलेलं पेट्रोल आणि तेवढे किलोमीटर एकत्र धरा.

कंपनीच्या आकड्याशी तुलना करून मन खट्टू करून घेऊ नका. तो आकडा ज्या चाचणीतून येतो ती करणाऱ्या संस्थांपैकी प्रमुख संस्था आपल्याच वेताळ टेकडीवर आहे. १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया), जिच्यामुळे अर्धं कोथरूड त्या टेकडीला ‘एआरएआय टेकडी’ म्हणतं. या चाचणीत गाडी रोलरवर चालते, वीसेक मिनिटांच्या ठरलेल्या चक्रात, कमाल ताशी ९० किलोमीटर वेगाने आणि एसी बंद ठेवून. सगळ्या गाड्यांना एकच फूटपट्टी लावायची म्हणून ते बरोबरच आहे. पण त्या रोलरवर नळ स्टॉपच्या चौकातली गर्दी नसते. टॉमटॉम कंपनीने २०२४ ची जगभरातल्या शहरांची रहदारी मोजली, त्यात पुणे चौथं होतं: १० किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटांहून जास्त. म्हणजे ताशी १८ किलोमीटर. अशा शहरात गाडी कागदावरचा आकडा देणार नाही. तुमची तुलना तुमच्याच मागच्या आकड्याशी.

दोन-तीन वर्षांपूर्वीच्या वहीतला आकडा मात्र आज जसाच्या तसा धरू नका. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के आणि दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट धरलेली होती. तेवढी घट सवयीच्या खात्यावर टाकू नका.

मग ब्रेक मोजा

हा सगळ्यात मोठा भाग, म्हणून इथे जरा थांबतो.

माणसांसकट ११०० किलोची गाडी ताशी ५० वर पळत असली की तिच्यात पेट्रोल जाळून कमावलेली ऊर्जा साठलेली असते. ब्रेक दाबला की ती सगळी ब्रेकच्या डिस्कमध्ये उष्णता होऊन उडून जाते. पुन्हा ५० वर यायला साधारण १५ मिलिलिटर पेट्रोल लागतं. शहरात इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी पाचवा हिस्साच चाकांपर्यंत पोचवतं असं धरून हा हिशोब मी केलाय. पंधरा मिलिलिटर म्हणजे स्वयंपाकघरातला एक टेबलस्पून. आता डोळ्यांसमोर आणा: स्वारगेटच्या चौकात जोरात ब्रेक मारला, एक चमचा पेट्रोल रस्त्यावर ओतलं. सेव्हन लव्हज चौकात पुन्हा एक चमचा. पुलगेटला आणखी एक.

हा चमचा वेगाच्या वर्गाने वाढतो. ३० वरून थांबलात तर जेवढं जातं, त्याच्या चौपट ६० वरून थांबलात तर जातं. म्हणून दोन सिग्नलच्या मधे गाडी दामटून ६० वर नेणं आणि लगेच थांबवणं यासारखा तोटा नाही. वेळही वाचत नाही, कारण पुढचा सिग्नल तुमच्यासाठी लवकर सुटत नाही.

करायचं असं. पहिले दोन दिवस काहीच बदलू नका, फक्त घर ते ऑफिस किती वेळा ब्रेक दाबला ते मनात मोजा. माझे पहिल्या दिवशी ९४ झाले होते. तिसऱ्या दिवसापासून नजर उचला. पुढच्या गाडीच्या मागच्या लाल दिव्याकडे बघत चालवणारा माणूस नेहमी उशीरच करतो. तिच्या काचेतून पलीकडची, तिच्याही पुढची गाडी बघा. ती मंदावली की तुमचा पाय उचलला गेला पाहिजे. पीएमपीची बस स्टॉपपाशी बाजूला घेतेय, रिक्षावाला फुटपाथवरच्या माणसाकडे मान वळवून बघतोय, सिग्नलचा आकडा पाचवर आलाय, पुढे गतिरोधकाचे पांढरे पट्टे दिसताहेत, या सगळ्या पाय उचलायच्या खुणा आहेत.

आणि अंतर ठेवा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणा. ते म्हणून व्हायच्या आत तुम्ही त्या खांबापाशी पोचलात तर फार जवळ आहात. पुण्यात अंतर ठेवलं की कोणीतरी मधे घुसतंच, हे मला रोज ऐकवलं जातं. घुसतं, खरं आहे. घुसू द्या. तुम्ही पुन्हा थोडं मागे सरका. कर्वे रोडवर डेक्कनपर्यंत दहा जण घुसले तरी तुमचं अर्धं मिनिटही जात नाही. उलट तेच अंतर तुम्हाला ब्रेक न मारता सरकत राहायला उपयोगी पडतं.

पंधरा दिवसांत माझे ९४ ब्रेक ६० च्या खाली आले. नेहमीच्या प्रवासात पन्नाशीच्या वेगातून पूर्ण थांबण्याचे दहा प्रसंग जरी टळले तरी दिवसाला १५० मिलिलिटर वाचतात आणि महिन्याच्या पंचवीस दिवसांत पावणेचार लिटर. अमेरिकेच्या सरकारी माहितीतही आक्रमक गाडी चालवल्याने थांबत-सुटत जाणाऱ्या रहदारीत इंधनाची किफायत १० ते ४० टक्क्यांनी घसरते असं दिलंय. आमच्या घरातला फरक त्याच पट्ट्यात बसतो.

गाडी उचलताना

इथे बरेच लोक उलट्या टोकाला जातात. पेट्रोल वाचवायचं म्हणून सिग्नल सुटल्यावर बैलगाडीसारखे निघतात आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच रेंगाळतात. इंजिन कमी फेऱ्यांवर आणि बऱ्यापैकी भाराखाली काम करतं तेव्हाच ते सगळ्यात काटकसरीने चालतं. त्यामुळे गाडी बेताच्या दमाने उचला आणि गिअर लवकर वर घ्या. पेट्रोल गाडीत इंजिनच्या मिनिटाला २००० ते २५०० फेऱ्यांच्या दरम्यान, डिझेलमध्ये १५०० ते २००० च्या दरम्यान. ४५-५० वर सपाट रस्त्यावर बहुतेक गाड्या चौथा गिअर आरामात घेतात. इंजिन धडधडू लागलं, गाडी हिसके देऊ लागली की एक गिअर खाली या. तिथे हट्ट करू नका, इंजिनचं नुकसान होतं.

क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय असेल तर ती आजच सोडा. उड्डाणपुलाच्या चढावर गर्दीत हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी तोलून धरणं मी रोज बघतो. हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा, पुढची गाडी हलली की सोडा. क्लच प्लेट बदलायचा खर्च हा कित्येक टाक्यांच्या पेट्रोलएवढा असतो.

उतारावर न्यूट्रल: हे करूच नका

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत रस्ता सलग उतरत येतो. पुण्यात राहणाऱ्या कुणालाही या उतारावरच्या अपघातांबद्दल वेगळं सांगायला नको. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये एका टँकरने इथे रांगेने गाड्यांना धडक दिली, ती दृश्यं अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत. इथे मोठा अपघात झाला की एक गोष्ट दरवेळी चर्चेत येते: डिझेल वाचवायला अवजड गाड्या न्यूट्रलमध्ये सोडणं. छोट्या गाड्यांतही ही सवय आहे. खंबाटकीला आहे, बोरघाटात आहे, चांदणी चौकातून कोथरूडला उतरतानाही आहे.

मला या गोष्टीचा राग येतो, कारण आजच्या गाड्यांत यातून इंधन वाचतच नाही. आपल्या वडिलांच्या पिढीच्या गाड्यांना कार्ब्युरेटर होता, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनात सोडणारा साधा यांत्रिक भाग. गाडी गिअरमध्ये उतरत असली तरी तो थोडं पेट्रोल आत सोडतच राहायचा, म्हणून न्यूट्रलची युक्ती तोंडातोंडी पसरली. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गोष्ट वेगळी आहे. गाडी गिअरमध्ये आहे, पाय अॅक्सिलरेटरवरून पूर्ण उचललेला आहे आणि इंजिनच्या फेऱ्या पुरेशा आहेत, असं दिसलं की गाडीतला संगणक इंजेक्टर, म्हणजे इंजिनात इंधन फवारणारे भाग, बंदच करतो. इंजिन तेव्हा चाकांच्या ओढीने फिरत असतं आणि इंधनाचा खर्च शून्य असतो. न्यूट्रल केलंत की चाकांची ओढ तुटते आणि इंजिन चालू ठेवायला संगणकाला पुन्हा इंधन सोडावं लागतं. म्हणजे वाचवायच्या नादात तुम्ही उलट खर्च करता. वर इंजिनाचा अडसर गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर ब्रेक तापले की पॅडल दाबूनही गाडी थांबत नाही.

तुमच्या गाडीत चालू क्षणाचा अॅव्हरेज दाखवणारी पट्टी असेल तर स्वतः बघा, शेजारच्याला बघायला सांगा. गिअरमध्ये पाय उचलून उतरताना ती शेवटच्या टोकाला जाऊन टेकते.

घाटाचा जुना नियम आजही बरोबर आहे: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक असेल तर डी मध्येच राहा आणि उतार तीव्र असेल तर हाताने खालचा गिअर किंवा एल निवडा. उतारावर इंजिन बंद करणं तर त्याहून वाईट: पॉवर स्टिअरिंग जातं, ब्रेकला जोर देणारा बूस्टर एक-दोनदा दाबल्यावर संपतो आणि चावी फिरली तर स्टिअरिंग लॉकही होतं.

सिग्नलला

१.२ लिटरच्या आसपासचं पेट्रोल इंजिन उभ्याने मिनिटाला साधारण १० मिलिलिटर पितं, एसी चालू असेल तर त्याहून जास्त. म्हणजे विद्यापीठ चौकात दीड मिनिट उभं राहिलात की परत तोच एक चमचा. इंजेक्शनच्या गाडीला पुन्हा सुरू व्हायला सुमारे दहा सेकंद उभ्याने चालण्याइतकं इंधन लागतं. तीस सेकंदांहून जास्त आकडा दिसला की बंद करा आणि पाच उरले की सुरू करा. मागच्याने हॉर्न वाजवायच्या आत गाडी हलेल. गाडी पूर्ण उभी राहिल्याशिवाय मात्र बंद करू नका, आणि बॅटरी थकलेली असेल तर आधी ती बदला.

मुंबईला जाताना

शहरात वैरी ब्रेक, एक्स्प्रेसवेवर वैरी हवा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. मोटारींना मर्यादा १०० ची आहे आणि घाटात ६० ची. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरच्या रस्त्यातला घाट वगळून ८० किलोमीटर धरले, तर १०० ने ४८ मिनिटं लागतात आणि ८० ने तासभर. बारा मिनिटांचा फरक. ते बारा मिनिटं फूड मॉलच्या रांगेत सहज जातात. मी ८० ते ९० च्या मधे एकच वेग धरतो आणि डावीकडे ट्रक नसेल तर मधल्या लेनमध्येही रेंगाळत नाही. अॅक्सिलरेटर वर-खाली न करता एका जागी धरून ठेवणं हे वेगाइतकंच महत्त्वाचं आहे.

टपावरचं कॅरियर वापरत नसाल तर उतरवून ठेवा. हायवेवर काचा उघड्या ठेवण्यापेक्षा एसी परवडतो. शहरात उलट: नोव्हेंबर ते फेब्रुवारी पुण्याची सकाळ इतकी छान असते की काचा खाली करून जाणं केव्हाही चांगलं. उन्हात तापलेली गाडी असेल तर आधी दोन मिनिटं दारं उघडून वाफ जाऊ द्या, मग एसी लावून आतली हवा फिरवणारं बटण दाबा.

हवा आणि ओझं

टायर आपोआप महिन्याला साधारण एक पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा सोडतो. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या अंदाजाने चारही टायरमध्ये एक पीएसआय कमी झाली की किफायत सुमारे ०.२ टक्क्यांनी घटते. ऐकायला थोडं, पण सहा-सात कमी असतील तर सव्वा टक्का गेला, आणि टायर कडेने झिजतात ते वेगळंच. चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आकडा असतो. महिन्यातून दोनदा, सकाळी टायर थंड असताना तेवढी भरा. नायट्रोजनवर पैसे घालवायची गरज नाही. डिकीतलं सामान काढून टाका: ४५-५० किलोला साधारण एक टक्का.

स्कूटर आणि बाइक

पुण्यात हा भाग सगळ्यात जास्त लोकांना लागू आहे. स्कूटरला गिअर नसतात. पट्टा आणि पुल्ली आपोआप जुळवून घेतात. मूठ एकदम पिळली की इंजिनच्या फेऱ्या उडी मारतात आणि गाडी मागून येते. मूठ हळू फिरवा, ४० वर आलात की किंचित मागे घ्या. पुल्ली वरच्या टप्प्यात जाते आणि आवाज उतरतो. तो उतरलेला आवाज ऐकायला शिका. डाव्या हाताची दोन बोटं सतत ब्रेकच्या लिव्हरवर दाबून ठेवण्याची सवय तपासा; मागच्या ब्रेकचा लायनर घासत राहतो आणि तुम्हाला कळतही नाही. गाडी मेन स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवा, ते मोकळं फिरलं पाहिजे. बाइकवाल्यांनी चेन साफ करून तेल द्यावं, पावसाळ्यात आठवड्याला.

थंड इंजिन

कोपऱ्यावरून दूध आणायला गाडी काढली की इंजिन तापायच्या आत परत आलेलं असतं, आणि थंड इंजिन जास्त पेट्रोल मागतं. अशा दोन-तीन खेपा एकात घाला, नाहीतर चालत जा. सकाळी पाच-दहा मिनिटं उभ्याने गाडी ‘गरम’ करायची आता गरज नाही. अर्धं मिनिट पुरे, मग पहिले दोन किलोमीटर सौम्यपणे चालवा. हिंजवडीला जाणाऱ्यांना वेळ निवडता येत असेल तर वीस-तीस मिनिटं आधी निघून एक टाकी काढून बघा. रस्ता तोच, पण थांबे कमी होतात.

तिसऱ्या टाकीनंतर

पुन्हा तीन टाक्या मोजा. आमच्याकडे मी चालवतो तेव्हाचा आकडा आता सव्वापंधरा आहे. बायको अजून पुढे आहे. तुमचा आकडा जागचा हललाच नसेल, तर मग सवयीचा दोष नाही आणि गाडीकडे बघायला हवं. एक तपासणी घरच्या घरी होते. वीस मिनिटं फारसे ब्रेक न मारता गाडी चालवा, सपाट जागी थांबवा आणि चारही रिमजवळ हात न टेकवता तळवा धरा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं लागलं तर त्याचा ब्रेक पूर्ण सुटत नाहीये आणि गाडी सतत ब्रेक ओढत चाललीय. मग सपाट, रिकाम्या रस्त्यावर स्टिअरिंग क्षणभर सैल सोडा. गाडी एका बाजूला जात असेल तर अलाइनमेंट करून घ्या. एअर फिल्टर, प्लग आणि क्लच घसरतोय का हे मेकॅनिकला विचारा. त्याच्याकडे जाताना सहा टाक्यांचे आकडे लिहिलेला कागद सोबत न्या. ‘गाडी कमी देते’ एवढंच सांगितलं तर तो सर्व्हिसिंग करून देईल. आकडे दाखवलेत तर बिघाड कधीपासून सुरू झाला हे त्याला कळेल.